झील धरणारे

सीसीच्या पहिल्या तासाला कुणीतरी दाराशी थांबून विचारतंच, "मॅडम, गाता येत नसलं तरी चालतं का?"

विचारणारा बहुतेक वेळा मुलगा असतो. पाठीवरची सॅक तशीच, एक पाय आत, एक बाहेर. एनएसएसची यादी भरली, योगाच्या वर्गात जागा उरली नाही, खेळाच्या सरावाला संध्याकाळी थांबता येत नाही कारण दुपारची पाळी वाळूजच्या कंपनीत आहे. असं करत करत तो समूहगानाच्या यादीत येऊन पडलेला असतो. मी म्हणते, "चालतं. चपला बाहेर काढ आणि आत ये." तो आत येतो आणि मागच्या भिंतीला पाठ लावून उभा राहतो. सकाळचे सव्वासात वाजलेले असतात. मोबाइलमधला तानपुरा सुरू असतो, हार्मोनियमवरचं फडकं मी नुकतंच काढलेलं असतं. पहिली पाच मिनिटं तो फक्त दाराकडे बघत असतो.

सीसी म्हणजे को-करिक्युलर. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 आलं, त्याप्रमाणे महाराष्ट्रात पदवीचा आराखडा बदलला आणि मुख्य विषय, दुय्यम विषय, कौशल्याचे विषय यांच्या रांगेत सहअभ्यासक्रमालाही जागा मिळाली. एनसीसी, एनएसएस, योग, क्रीडा आणि त्यांच्याबरोबर गायन, वादन, नृत्य, नाट्य, चित्रकला. तीन वर्षांच्या पदवीला 120 ते 132 श्रेयांक लागतात. माझ्या वर्गाचे त्यातले 2. प्रात्यक्षिकाचे 30 तास म्हणजे 1 श्रेयांक, म्हणून एका सत्रात 60 तास एकत्र गायचं. हे 60 तास भरले की ते दोन श्रेयांक मुलाच्या खात्यावर जमा होतात, बँकेत पैसे जमा व्हावेत तसे. त्या खात्याचं नावच अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स आहे.

मी तासिका तत्त्वावर शिकवते, आणि कबूल करायला हवं की सुरुवातीला मला हे पटलं नव्हतं. माझ्या गुरुजींकडे मी पहिलं वर्षभर खर्जाशिवाय काही गायले नाही. गाणं असं तासांवर मोजून, तक्त्यात भरून, गुण देऊन होतं का, हा प्रश्न माझ्या मनात होता. आता तो राहिलेला नाही. का, ते सांगायचं तर आधी सहा या आकड्याबद्दल बोलावं लागेल.

कॉलेजात एकत्र गाणं याआधीही होतंच. विद्यापीठाचा युवक महोत्सव आला की समूहगानाचा संघ बांधला जातो. आमचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ असो की दुसरं कुठलं, या स्पर्धेचे नियम देशभर साधारण सारखेच: गाणारे जास्तीत जास्त सहा, साथीला जास्तीत जास्त तीन, वेळ दहा मिनिटं, चित्रपटगीत चालत नाही. मी कितीतरी वर्षं असे संघ बसवले. ऑगस्टमध्ये नोटीस लावायची, चाळीस-पन्नास मुलं यायची, एकेकाला दोन ओळी म्हणायला लावायच्या आणि सहा निवडायची. उरलेल्यांना "पुढच्या वर्षी बघू" म्हणायचं. पुढच्या वर्षी ती येत नसत. ज्यांना गाणं आधीच येत होतं त्यांचं गाणं आणखी चांगलं व्हायचं, त्यांना बक्षिसं मिळायची, कॉलेजच्या अहवालात फोटो छापून यायचा. आणि उरलेली मुलं घरी जाताना एवढंच घेऊन जायची की गाणं हे आपलं काम नव्हे, आपण ते ऐकायचं.

सहाचा नियम चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. स्पर्धेला मर्यादा लागतेच. माझी खंत एवढीच, की त्या सहांपलीकडे कॉलेजात गाण्याची दुसरी जागाच नव्हती.

गावात ती होती. माझं बालपण फुलंब्रीकडच्या एका गावात गेलं. कोजागरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत तिथे पहाटे काकडा चालायचा. आजी मला उठवून घेऊन जायची. देवळात बाया एका बाजूला, बाप्ये एका बाजूला, मधोमध पखवाजवाला. चालीचे धनी दोघे-तिघेच. बाकीचा सगळा गाव त्यांच्या मागे. माझ्या आजीचा सूर जाडा होता आणि तो खाली सरकायचा. आज माझा कान तयार आहे म्हणून हे कळतं; तेव्हा गावात कुणालाच त्याची अडचण नव्हती. आजी साठ वर्षं त्या देवळात गायली आणि "तुला गाता येत नाही" हे वाक्य तिने आयुष्यात ऐकलं नाही.

आपल्याकडे या मागे गाणाऱ्यांना शब्द आहे. शाहिराच्या मागे जे उभे राहतात ते झीलकरी. शाहीर कवनाची ओळ टाकतो, झीलकरी ती उचलतात, लांबवतात, शाहिराला दम घ्यायला वेळ देतात. याला झील धरणं म्हणतात. भजनात तेच काम टाळकऱ्यांचं. नागसेनवनाच्या परिसरात, भीमनगरात, मुकुंदवाडीत भीमगीतांच्या गायन पार्ट्या आहेत. तिथे याला कोरस म्हणतात, आणि मुख्य गायकाइतकाच चांगला कोरसवालाही शोधावा लागतो. छावणीतल्या चर्चमध्ये गायकवृंद असतो. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंग-ओवीच्या वळणाची भक्तिगीतं लिहून ठेवल्यामुळे मराठी ख्रिस्ती घरातल्या मुलांच्या कानावर प्रार्थनेतही इथलीच चाल पडलेली असते. शाहीर साबळ्यांच्या आवाजातलं 'जय जय महाराष्ट्र माझा' घ्या. राजा बढे यांचे शब्द, श्रीनिवास खळे यांची चाल. 19 फेब्रुवारी 2023 पासून ते आपलं राज्यगीत आहे आणि शाळाशाळांतून म्हटलं जातं. त्यातली झील मनातल्या मनात पुसून टाका आणि मग ऐकून पाहा. एकटा आवाज कितीही पहाडी असला तरी ते गाणं उभं राहत नाही.

शाळेतून हे घडावं म्हणून कुणी झटलंच नाही असं नाही. वसंत देसाई हे चित्रपटसृष्टीतले एवढे मोठे संगीतकार, पण आयुष्याच्या शेवटच्या काळात त्यांनी 'एक सूर एक ताल' म्हणत शाळांमधल्या मुलांचे मोठमोठे मेळावे एका गाण्यात बांधले. 1975 साली ते अपघातात गेले. त्यांच्या चित्रपटांबद्दल आपण बोलतो, या कामाबद्दल फार कमी बोलतो, आणि मला ते त्यांच्या मोठ्या कामांपैकी एक वाटतं.

तर, सीसीच्या वर्गातली चाळीस मुलं. त्यांना घेऊन पहिला पेच पट्टीचा. मुलांचा सहज आवाज काळी एकला बसतो, मुलींचा काळी चारला किंवा पाचला. दोघांनी एकत्र गायचं तर मधली वाट काढावी लागते. मी बहुतेक गाणी काळी तीनमध्ये घेते. मुलांना थोडी चढी पडते, मुलींना थोडी उतरती. पूर्ण सोयीची पट्टी कुणालाच मिळत नाही आणि दोन आठवड्यांत कुणाला त्याचं काही वाटेनासं होतं.

दुसरा पेच जास्त अवघड असतो. मागच्या वर्षी एक मुलगी होती, दुसऱ्या रांगेत डावीकडून तिसरी. हजेरीला नियमित, शब्द पाठ, ताल बरोबर. तिच्याबद्दल माझी काही तक्रारच नव्हती. दुसऱ्या आठवड्यात मी मुलांना गोल फिरत तोंड मिटून सा धरायला लावला आणि त्यांच्यामधून चालत, प्रत्येकाजवळ कान नेत गेले. तिच्याजवळ आले तर तिथे शांतता. मग गाणं लावलं. तिचे ओठ हलत होते, जबडा उघडत होता, मान डोलत होती. आवाज नव्हता.

तास संपल्यावर तिला थांबवलं. पाचवीत असताना स्नेहसंमेलनाच्या गाण्यात तिला उभं केलं होतं आणि तालमीच्या दुसऱ्या दिवशी कुणीतरी मोठ्या माणसाने सांगितलं होतं, "तू नुसते ओठ हलव." तिने ते इतकं मनावर घेतलं की त्यानंतर शाळेच्या प्रार्थनेला, राष्ट्रगीताला, घरच्या गणपतीच्या आरतीलाही ती नुसते ओठ हलवत आली. नऊ वर्षं. घरात कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. आरतीच्या टाळ्या-झांजांत एक आवाज कमी पडला तर कुणाला कळणार?

मी तिला म्हटलं, "गाऊ नकोस. आई गच्चीवर आहे आणि तू खाली रस्त्यावर आहेस. हाक मार." तिने हाक मारली. 'आ' लहान आणि 'ई' लांब, जशी सगळ्यांची असते. ती 'ई' मी हार्मोनियमवर शोधली. काळी दोनच्या जवळपास होती. पुन्हा हाक मारायला लावली, पुन्हा तिथेच. म्हणजे तिचा सूर जागच्या जागी होता. आमच्या सुराशी त्याची गाठ कधी कुणी घालून दिली नव्हती, इतकंच. जन्मतः ज्यांना सूर ओळखूच येत नाही अशी माणसं असतात, पण फार थोडी. बाकी ज्यांना आपण बेसूर म्हणतो त्यांतले पुष्कळ जण असे, शेजारच्या आवाजाशी आपला आवाज जुळवून बघण्याची संधी न मिळालेले.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्या वर्गाचा सा काळी दोनवर आणला. तिला आमच्याकडे बोलावण्याआधी आम्ही तिच्याकडे गेलो. तिच्या दोन्ही बाजूंना पक्क्या सुराच्या दोन मुली उभ्या केल्या आणि तिला म्हटलं, आधी ऐक, मग त्यांच्या आवाजात आपला आवाज सोड. तिसऱ्या-चौथ्या खेपेला तो मिसळला. सूर सुरात मिसळला की आवाज वाढल्यासारखा वाटतो, कुठून येतोय ते कळत नाही. तिने गाता गाता एक हात गळ्यावर ठेवला. आवाज खरंच तिथून निघतोय ना, हे बघत होती.

याच्या अगदी उलट एक मुलगा होता, पैठणकडचा. लहानपणापासून भजनात उभा राहिलेला, पट्टी काळी पाच, आवाज असा की गोदावरीच्या पैलतीरी जावा. पहिला महिनाभर आमच्या वर्गात तो एकटाच गात होता म्हटलं तरी चालेल. बाकी एकोणचाळीस जणांचं गाणं त्याच्या खाली झाकून जायचं. माझ्या वर्गाचा एक नियम आहे: शेजारच्याचा आवाज ऐकू येईनासा झाला की आपला कमी करायचा. त्याला तो नियम लागला. म्हणाला, "मॅडम, महाराज सांगतात, आवाज शेवटच्या टाळकऱ्यापर्यंत गेला पाहिजे. तुम्ही कमी करा म्हणता."

त्याचे महाराज बरोबर सांगत होते. उघड्यावर, भोंग्याशिवाय, पखवाज आणि शंभर टाळांच्या वर गाणं न्यायचं तर आवाज तसाच लागतो. वारकरी गायकीची ती चढी पट्टी त्या गरजेतूनच आलेली असावी. मी त्याला तेच सांगितलं, की तुझं चुकत नाही, जागा बदलली आहे. आणि त्याला वर्गातल्या दोन सगळ्यांत कच्च्या मुलांच्या मधोमध उभा केला. त्यांतला एक तोच, दाराशी एक पाय ठेवून उभा राहिलेला, वाळूजवाला.

तीन आठवड्यांनी पैठणवाला तासानंतर माझ्याकडे आला. "मॅडम, ह्याचा दम दुसऱ्या ओळीच्या मधेच सुटतो. तिथं मी श्वास घेत नाही. मी आधीच घेऊन ठेवतो, म्हणजे ओळ तुटत नाही." मी त्याला हे शिकवलेलं नव्हतं. समूहगानातली मोठी विद्या हीच आहे: सगळ्यांनी एकाच जागी श्वास घेतला तर गाण्याला भोक पडतं, म्हणून आळीपाळीने, शेजाऱ्याचा अंदाज घेऊन, चोरून घ्यायचा. ऐकणाऱ्याला वाटतं चाळीस माणसं दम न घेता गातायत. स्वीडनमधल्या गोथेनबर्ग विद्यापीठात काही संशोधकांनी एकत्र गाणाऱ्यांच्या हृदयाचे ठोके मोजले होते. 2013 साली ते प्रसिद्ध झालं. सुरांच्या ओळी जशा बांधलेल्या तसा श्वास, आणि श्वासाबरोबर ठोके सगळ्यांचे एकदमच कमी-जास्त होतात असं त्यांना दिसलं. मला ते वाचून आश्चर्य वाटलं नाही, आनंद झाला. काकड्याला बसलेल्या माझ्या गावाचंही पहाटे तसंच होत असणार.

वर्गात अडचणी भरपूर. आमच्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही. जायकवाडीचं धरण भरलेलं असो की नसो, पाण्याचा दिवस ठरलेला असतो आणि त्या दिवशी घरातल्या कुणाला तरी थांबावंच लागतं. ते थांबणं बहुतेक वेळा मुलीच्या वाट्याला येतं. "आज पाणी आहे" असा निरोप आला की मी गैरहजेरीवर काही बोलत नाही. कन्नड, गंगापूरकडून येणाऱ्यांची एसटी चुकते. रात्रपाळी करून आलेली मुलं उभ्या उभ्या डुलक्या घेतात. त्यांना मी खर्ज लावायला देते, बसून. पण साठ तास पुरे व्हायला हवेत, ही सक्ती असते म्हणूनच ती मुलं येतात. हाच मुद्दा मला आधी कळला नव्हता. श्रेयांक नसते तर हा वाळूजवाला मुलगा सकाळी सव्वासातला माझ्या दारात कशाला आला असता? हौसेला वेळ लागतो, आणि वेळ ही त्याच्याकडची सगळ्यांत महाग गोष्ट. अभ्यासक्रमाने त्याला सांगितलं की हे साठ तास तू वाया घालवत नाहीस, हेही शिक्षणच आहे. एवढा आधार मिळाला तर घरी सांगता येतं, कंपनीत सांगता येतं.

माझी एक मैत्रीण मुलीकडे अमेरिकेत सहा महिने राहून आली. तिथे कम्युनिटी कॉलेज नावाची दोन वर्षांची सरकारी कॉलेजं असतात, फी बेताची, प्रवेशाला वयाची अट नसल्यासारखीच. त्यांच्या कॉयरमध्ये एकोणीस वर्षांची मुलगी श्रेयांकासाठी येते आणि तिच्या शेजारी सत्तरीचे आजोबा नुसते गायला येतात. मैत्रीण म्हणाली, "अगं, आपल्याकडे असं पाहिजे." मी तिला म्हटलं, आपल्याकडे देवळात आहे, गायन पार्टीत आहे, चर्चमध्ये आहे. कॉलेजात नव्हतं. आपलं घर, आपली जात, आपला धर्म सोडून दुसऱ्याच्या शेजारी उभं राहून गाण्याची जागा आपल्याकडे फार थोडी आहे. पैठणचा भजनी मुलगा, भीमनगरातला कोरसवाला आणि छावणीतल्या चर्चमधून आलेली मुलगी माझ्या हॉलमध्ये एका रांगेत असतात. त्या मुलीला सुराखाली दुसरा सूर धरण्याची सवय आहे. ती आमच्या लोकगीताखाली कधीकधी आपोआप एक खालचा स्वर ठेवते. आधी मी तिला थांबवायचे. आता थांबवत नाही, कोरसवाला मुलगा तिचं बघून ते शिकतोय.

याच शहरात एकत्र गाण्याची एक वेगळीच किंमत मोजावी लागली होती, ती गोष्ट मी दर सत्रात मुलांना सांगते. 1923 साली इथे इंटरमीजिएट कॉलेज सुरू झालं. आज आपण त्याला शासकीय कला व विज्ञान महाविद्यालय म्हणतो, मराठवाड्यातलं सगळ्यांत जुनं कॉलेज. हा सगळा मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात. 1938 मध्ये तिथल्या वसतिगृहातल्या मुलांनी प्रार्थनेत वंदे मातरम् म्हणायला सुरुवात केली. मनाई झाली. मुलांनी ऐकलं नाही, नोव्हेंबरमध्ये संप झाला आणि इथून निघालेली ती ठिणगी हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठापर्यंत गेली. शेकडो विद्यार्थ्यांची नावं कॉलेजातून कमी झाली. त्यांतल्या अनेकांना नागपूर विद्यापीठाने जागा दिली. निजामाच्या राज्यातून असे बाहेर पडलेल्यांत पी. व्ही. नरसिंह राव होते, पुढे देशाचे पंतप्रधान झालेले. इथल्या मुलांच्या पाठीशी उभे राहणाऱ्यांत गोविंदभाई श्रॉफ होते.

मी ही गोष्ट सांगते तेव्हा गाणं कुठलं होतं यावर वर्गात चर्चा होते, व्हावीही. कुठलं गाणं सगळ्यांचं आणि कुठलं नाही, हा वाद तेव्हाही होता, आजही आहे. मी माझ्या वर्गासाठी गाणी निवडताना दहा वेळा विचार करते आणि मुलांना विचारते. पण गोष्टीतला एक भाग मुलांच्या डोळ्यांत थांबतो तो वेगळाच. त्या वसतिगृहातल्या मुलांपैकी किती जणांना गाता येत होतं? त्यांची कुणी चाचणी घेतली नव्हती. एखाद्याचा सूर खाली सरकत असेल, एखाद्याचा दम मधेच सुटत असेल. नाव कमी करताना सूर कुणी तपासला नाही. जो त्या रांगेत उभा होता तो गेला. एका मुलाने मला विचारलं, "मॅडम, म्हणजे तेव्हा गायलं म्हणून काढून टाकलं आणि आता गायलं म्हणून मार्क देतात?" मी म्हटलं, हो, याच गावात. तो बराच वेळ हार्मोनियमच्या भात्याकडे बघत बसला होता.

मार्कांचं मात्र अजून माझं समाधान झालेलं नाही. तक्त्यात प्रत्येक मुलाच्या नावापुढे वेगळा आकडा लागतो. गाणं चाळिसांचं, गुण एकेकाचे. हजेरीचे देता येतात, शब्दपाठाचे, तालाचे देता येतात. पैठणच्या मुलाने आवाज कमी केला त्याचे किती? दुसऱ्याच्या ओळीखाली त्याने आपला श्वास ठेवला, त्याचा रकाना कुठला? सत्राच्या शेवटी मी एकेकाला उभं करून चार ओळी म्हणायला लावते, कारण दुसरी सोय नाही.

मागच्या सत्रात त्या वाळूजवाल्या मुलाची पाळी आली. सत्रभर तो चांगला गायला होता. भिंत सोडून पुढे आला होता, दुसऱ्या ओळीचा दमही आता पुरत होता. मी सा दिला. त्याने तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही. पुन्हा दिला. त्याने खाली बघितलं. म्हणाला, "मॅडम, एकट्याला नाही येत. शेजारी कुणीतरी लागतं."

मी पेन हातात धरून बसले होते. रकाना रिकामा होता. तेवढ्यात मागे बाकावर पाळीची वाट बघत बसलेल्यांतून एक आवाज सुरू झाला, बारीक, काळी दोनवर. मी सा काळी तीनचा दिला होता, तिने आपला घेतला. दुसऱ्या रांगेतली, डावीकडून तिसरी. ती उठून त्याच्या शेजारी येऊन उभीही राहिली नाही, बसल्या जागेवरून गायली. त्याने एक ओळ ऐकली, दुसऱ्या ओळीला तिच्या सुरात आपला सूर सोडला. मी हार्मोनियमवर काळी तीन सोडून काळी दोन धरली.

चार ओळी झाल्या. दोघंही थांबले. तिची पाळी अजून यायची होती, पण मी तिला पुन्हा उभं केलं नाही. दोघांच्या नावापुढे एकच आकडा लिहिला आणि पुढचं नाव पुकारलं.